हाक (सुधारित आवृत्ती)

ज्या कामातून माणूस बढती मिळवून एकदाचा सुटतो, त्याच कामाची ओढ त्याला पन्नाशीला लागते, हा सर्वमान्य सिद्धान्त आहे. आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, हे त्याचं सध्या उपलब्ध असलेलं सर्वोत्तम उदाहरण. तरुणपणी ते खरोखरचे प्रोग्रामर होते. पुढे चांगलं काम केल्याची शिक्षा म्हणून त्यांना व्यवस्थापक करण्यात आलं. त्यानंतर त्यांनी बैठका ठरवल्या, बैठका पुढे ढकलल्या आणि पुढे का ढकलल्या यावर बैठका घेतल्या. मध्यंतरी ऑफिसात नव्याने लागलेल्या एका मुलीने त्यांना अत्यंत आदराने विचारलं की सर, तुम्ही नक्की काय करता? भाऊजींनी त्या दिवशी डबा तसाच परत आणला.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी मोबाइल अ‍ॅप बनवायला शिकवणाऱ्या ऑनलाइन वर्गात नाव घातलं. वर्ग नवशिक्यांसाठी होता आणि त्यात नवशिक्यांच्या मनाची फारच काळजी घेतलेली होती. पूर्वी एक अर्धविराम चुकला तर कॉम्प्युटर माणसाची लाज काढत असे. आता रंगीत ठोकळे उचलायचे आणि एकमेकांना चिकटवायचे. ठोकळा बरोबर चिकटला की पडद्यावरची बाई "कमाल केलीत!" म्हणायची, चुकीचा चिकटला तरी "छान प्रयत्न!" म्हणायची. (ताईचं म्हणणं, लग्न झाल्यापासून या घरात एवढं कौतुक पहिल्यांदाच ऐकू आलं.)

वर्गाच्या नियमानुसार प्रत्येकाने आपल्या अ‍ॅपमधून जवळच्या माणसाची एखादी खरी अडचण सोडवायची होती. भाऊजींनी घरभर अडचण शोधली. ती मागच्या खोलीत आरामखुर्चीत बसलेली सापडली.

भाऊजींच्या वडिलांना घरात सगळे दादा म्हणतात. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून त्यांचं उठणं-बसणं अवघड झालं आहे. काही लागलं की ते हाक मारायचे आणि जो जवळ असेल तो जायचा. या जुनाट पद्धतीतले गंभीर दोष आजवर कोणाच्या ध्यानात आले नव्हते. हाकेची नोंद राहत नाही. हाकेचं वर्गीकरण होत नाही. आणि मुख्य म्हणजे, हाक ऐकू आली की उठावं लागतं.

म्हणून 'हाक' हे अ‍ॅप जन्माला आलं. दादांच्या मांडीवर एक टॅबलेट ठेवण्यात आला आणि त्यावर चार बटणं देण्यात आली: पाणी, औषध, पडदा आणि इतर. बटण दाबलं की बाहेरच्या खोलीत भाऊजींच्या फोनवर टिंग असा आवाज व्हायचा. (बटणांचे कोपरे गोल करण्यात दोन रविवार गेले. टोकदार कोपरे दादांना लागले असते अशातला भाग नाही, पण वर्गातल्या बाईंनी गोल केले होते.)

उद्घाटनाच्या दिवशी दादांनी 'पाणी' दाबलं. टिंग झालं. वीस वर्षांनी भाऊजींनी लिहिलेलं काहीतरी चालत होतं (लिहिलेलं म्हणजे चिकटवलेलं). त्यांचे डोळे भरून आले. ते पाणी खरं होतं, त्याची मला थट्टा करवत नाही. मागच्या खोलीत दादांना मात्र प्यायचं पाणी हवं होतं. ते ताईने नेऊन दिलं.

पुढे ताईचाच अडथळा होऊ लागला. दादा नुसते खोकले तरी ती उठायची, त्यामुळे आकडेवारी बिघडायची. विनंतीची रीतसर नोंद होईपर्यंत थांबत जा, असं भाऊजींनी तिला समजावून सांगितलं. त्यावर ती जे बोलली ते कोणत्याही वर्गीकरणात बसत नाही.

महिनाअखेरीस अहवाल तयार झाला. पाणी आणि औषध जेमतेम होतं. पडदा शून्य, कारण पडद्याची दोरी दादांच्या हाताशीच आहे. उरलेल्या जवळजवळ सगळ्या विनंत्या 'इतर' या सदरात. वापर भरघोस आहे म्हणून भाऊजी सुखावले, पण एवढी मोठी मागणी कशाची आहे हेच कळत नाही म्हणून बेचैन झाले. त्यांनी अ‍ॅपमधूनच दादांना प्रश्नावली पाठवली. दादांना चष्मा सापडेना. शेवटी भाऊजींनी अभूतपूर्व पाऊल उचललं आणि संशोधनासाठी स्वतः मागच्या खोलीत गेले.

"दादा, हे 'इतर' दाबता तेव्हा तुम्हाला नक्की काय हवं असतं?"

दादांनी टॅबलेट बाजूला ठेवला. "तू जरा येऊन बसावंस, एवढंच रे. त्याचं बटण नव्हतं, म्हणून ते दाबत होतो."

भाऊजींनी वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. "एवढंच ना? मग आधी नाही का सांगायचं," असं म्हणून ते तडक वळले आणि कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत पाचवं बटण तयार होतं. त्यावर 'बसणे' असं लिहिलं होतं. ते दाबलं की पडद्यावर उत्तर यायचं: 'आपली विनंती मिळाली आहे. आपण रांगेत पहिले आहात. आपला वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे.'

वर्गाकडून भाऊजींना प्रमाणपत्र मिळालं, शिवाय वापरणाऱ्याच्या मनातलं ओळखल्याबद्दल खास उल्लेख. ऑफिसातल्या त्या मुलीनेही अभिनंदन केलं. आता ते पुढचा वर्ग करत आहेत, त्यामुळे घरात असले तरी त्यांना जराही सवड नसते.

दादा रोज दुपारचा चहा झाला की पाचवं बटण दाबतात आणि रोज रांगेत पहिलेच असतात. परवा त्यांनी ताईला हळूच विचारलं की रांगेत दुसरं कोण आहे. ताई हातातलं काम टाकून त्यांच्याजवळ बसली. या बैठकीची नोंद अर्थातच अ‍ॅपमध्ये नाही.

वाचकांपैकी काहींना भाऊजींचा राग आला असेल. येणारच. फक्त एवढं लक्षात घ्यावं की त्यांच्या घरी या कामाला निदान एक बटण आहे. तुमच्या घरी काय सोय आहे?