नियम क्रमांक चार

मिलिंद केळकर खेळाच्या नियमांनासुद्धा लॅमिनेशन करतो. एकवीस नियम, कागदाच्या दोन्ही बाजूंना छापलेले, आणि खाली आमच्या सह्या.

खेळ तसा साधा. दर रविवारी दुपारी इथे अमेरिकेत, ईडन प्रेरी गावात, त्याच्या बेसमेंटमध्ये जमायचं. मिलिंद गोष्ट चालवतो, आम्ही तिघं तिच्यातली पात्रं होतो, आणि अडलं की फासे टाकतो. गोष्टीत राक्षस असतात. पण त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधी नियमवाचन ऐकावं लागतं, दर खेपेला पहिल्यापासून.

चिवड्याच्या हाताने फासे उचलायचे नाहीत. व्हिसाचा विषय फक्त चहाच्या वेळी. मध्येच कुणी व्हिडिओ कॉल घेतला, तर त्याचं पात्र झोपलं असं समजायचं. आमच्यातल्या शीतलच्या सासूबाईंच्या कॉलपायी तिची योद्धी तीन महिने झोपूनच होती. काही बोलायला जावं तर मिलिंदचं ठरलेलं, "नियमात आहे का?" मी दुसरा समोसा उचलला तेव्हाही हेच. माणूस आहे की सरकारी कचेरी, कळत नाही.

सगळ्यात डोक्यात जायचा तो नियम क्रमांक चार. टेबलाच्या मधोमध एक लाल पत्ता. गोष्टीतलं काही सोसवेना झालं की त्यावर बोट ठेवायचं, मिलिंद गोष्ट वळवणार. कारण कुणी विचारायचं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

"चाळिशीतली माणसं आपण," मी म्हणायचो. "राक्षसाला बघून रडणार आहोत का?"

दोन वर्षांत त्या पत्त्याला कुणी हात लावला नव्हता. मी त्यावर मुद्दाम चहाचा कप ठेवायचो. मिलिंद कप बाजूला करून पत्ता पुसायचा.

जानेवारीतल्या एका रविवारी गोष्टीत एक म्हातारी आली. खाटेवर पडलेली, दाराकडे डोळे लावून लेकाची वाट बघणारी. माझी आई तीन दिवस नागपुरात आयसीयूत होती आणि मला तिकीट मिळालं होतं मंगळवारचं. कुणाला बोललो नव्हतो. घरी बसवेना म्हणून खेळायला आलो होतो. मी कप उचलला आणि पत्त्यावर बोट ठेवलं.

मिलिंदने नियमांच्या कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "तेवढ्यात लेक आला," तो म्हणाला. "म्हातारी उठून बसली आणि त्याला म्हणाली, जेवलास का?" आणि गोष्ट पुढे जंगलात गेली.

निघताना तो माझ्यामागे बाहेर आला. त्या मरणाच्या थंडीत, डोक्यावर टोपी नाही. माझ्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायला लागला. काच स्वच्छ झाली तरी खरवडतच होता. मध्येच माझ्याकडे बघायचा, तोंड उघडायचा, मिटायचा. नियम त्याचाच, मोडणार कसा? मला त्याचा रागही आला आणि दयाही आली.

"मिलिंदा, विचार की रे."

"नियमात बसत नाही."

"मी सांगतोय ना."

त्याने स्क्रेपर खाली ठेवला. "कोण आजारी आहे?"

"आई. मंगळवारी निघतोय."

"एअरपोर्टला मी सोडतो."

"हे नियमात आहे का?"

"बाविसावा," तो नाक पुसत म्हणाला. "सही परत आलास की कर."