झिलूभाऊचे हंस

कोरगावात आमच्या शेजारी झिलूभाऊ राहतो. त्याच्या फाटकाशी उभं राहून तुम्ही काहीही बोला, अगदी शिव्या दिल्यात तरी तो हसून घेईल. फक्त बदक म्हणू नका.

त्याच्याकडे दोन पांढरे हंस आहेत. लांब मानेचे, मोठ्या आवाजाचे आणि स्वभावाने तापट. मी चौथी शिकलेली बाई, मला बदक आणि हंस यांत फारसा फरक दिसत नव्हता. त्याने ते आणले त्याच दिवशी मी कुंपणावरून विचारलं, की बदकं कुठे मिळाली. भाऊने हातातला नारळ खाली ठेवला.

"हंस म्हण गो," तो म्हणाला. "जीभ झिजाची ना."

तेव्हापासून हे वाक्य मी रोज ऐकते. पोदेर सकाळी सायकलवर भोंगा वाजवत पाव घेऊन येतो, आणि हंस त्या भोंग्याला उत्तर देत त्याच्या पोटऱ्यांमागे लागतात. एकदा तो वैतागून म्हणाला, की तुमची बदकं बांधून घाला. त्या दिवसापासून भाऊने पाव घेणं बंद केलं. नवराबायको कितीतरी दिवस भाकरीवर राहिली. शेवटी पोदेरानेच हात टेकले. आता तो वळणावरूनच हंस धरा, पाव आला, अशी हाक देतो.

समुद्राकडे निघालेले पर्यटक वाट चुकून वाडीत येतात, स्कूटर थांबवून फोटो काढतात आणि डक, डक करतात. भाऊ त्यांनाही शिकवतो. एक गोरं जोडपं त्याच्यासमोर हात जोडून "हंस" म्हणताना मी पाहिलं आहे. त्यांना वाटलं असेल, इथे असाच नमस्कार करतात.

झाडांचीही सुटका नाही. विहिरीच्या कडेला हंसराज उगवतो, काळ्या देठाचं नाजूक नेचं. त्याच्यावर भाऊचा फार जीव. विहीर साफ करायला आलेल्या माणसांना तो त्याला हात लावू देत नाही. एका चवथीला तर त्याने गणपतीवर टांगतात त्या माटोळीत, रानातल्या फळांच्या मधोमध, हंसराजाची जुडी बांधली. भटजी म्हणाले, माटोळीला नेचं कोणी बांधत नाही. आरती होईपर्यंत ते सुकून मोदकांवर गळालं. हंस उतरला, एवढंच भाऊ म्हणाला.

माझ्या कुंपणावर बदकवेल आहे. तिची कळी पाण्यावर बसलेल्या बदकासारखी दिसते. ती भाऊला हवी होती. त्याने डिचोलीच्या बाजारात जाऊन रोपं विकणाऱ्या बाईकडे हंसवेल मागितली. असली वेल नसते, ती म्हणाली. त्याने कळी कशी दिसते ते मानेने करून दाखवलं. मग बदकवेल म्हणा की, ही काय पुढ्यातच आहे, असं ती म्हणाली. भाऊ बस बदलत बदलत रिकाम्या हाताने परत आला.

यंदा चवथीच्या आधी तो माझ्याकडेच फांदी मागायला आला. मी कोयती घेऊन आले आणि सहज विचारलं, की भाऊ, एका नावावाचून तुझं एवढं काय अडलंय. कुंपणाचा खांब धरून तो हळू आवाजात सांगू लागला.

खाणी चालू होत्या तेव्हा तो डिचोलीला मातीच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. लग्नाला थोडीच वर्षं झाली होती. त्याची बायको, आमची वैनी, काजूच्या डोंगरावर घसरून पडली आणि खुब्याचं हाड वाकडं जुळलं. खाट सोडून ती पहिल्यांदा पडवीत आली, तेव्हा त्याचे ट्रकवाले सोबती बसले होते. तिचं डुलत येणं बघून भाऊच म्हणाला, "आयलां बघा आमचां बदक." सगळे हसले. तीही हसली, चहा ठेवून आत गेली.

बघता बघता ती वाडीभर बदकवैनी झाली. मी लग्न होऊन इथे आले ते हेच नाव ऐकत. फुगडीत तिच्या तोडीची बाई नव्हती म्हणे. पडल्यापासून ती चवथीला कोणाच्या घरी गेली नाही.

"माझ्या तोंडातसून गेलां," भाऊ म्हणाला. "आतां लोकांच्या तोंडातसून काढतंय." मग म्हणाला, "तिचां नांव सुनंदा. तूं एकदा त्या नांवान बोलवन बघ. फुगडेक येयत ती."

मी तशीच गेले. वैनी मागल्या दारी सुपात तांदूळ निवडत होती. सुनंदावैनी, मी हाक मारली. तिने मान वर केली नाही. पुन्हा मारली, तेव्हा तिने वळून आतल्या दाराकडे पाहिलं, कोण आलं म्हणून.

"कोणाक बोलवतंस गो?"

तुलाच, मी म्हटलं, भाऊने नाव सांगितलं. तिने सुपातले तांदूळ एका बाजूला गोळा केले, मग पुन्हा पसरले.

"त्येका सांग, बदकच बरां," ती म्हणाली. "इतक्या वर्सांनी नवां नांव खंय शिकत बसूं?"

चवथीला आमच्या घरच्या फुगडीला मात्र ती आली. दाराजवळ बसून टाळ्या वाजवू लागली. बदकवैनी, गाणं उचल, असं बायका म्हणाल्या, तिने उचललं. आवाज अजून खणखणीत आहे. फुगडी घालायला ती उठली नाही.

भाऊ आत आलाच नाही. अंगणात उभा राहून ऐकत होता. पावसाची सर आली तशी त्याने पायरीखालून तिच्या चपला उचलल्या. डाव्या चपलेला ट्रकच्या टायरचा जाड तळ ठोकलेला होता, पाऊल सरळ पडावं म्हणून. तो त्यानेच ठोकलेला. आत गाणं चालू होतं, आणि चपलांवर छत्री धरून तो भिजत उभा होता.