अकरावा रकाना

काटेवाडीचे बागायतदार दत्तोबा यांचे चिरंजीव सोपान हे सन १९५२ साली मॅट्रिक पास झाले आणि त्यांनी पुण्याच्या कॉमर्स कॉलेजात जाऊन व्यापाराचे शिक्षण घ्यावे, असे घरात ठरले. सोपानला मनापासून जायचे होते. त्याने प्रवेशाचा अर्ज मागवला, एका बैठकीत भरत आणला आणि अकराव्या रकान्याशी अडला. तिथे छापले होते, 'व्यापाराचा पूर्वानुभव.'

अर्ज सर्जेरावांकडे नेण्यात आला. सर्जेराव पाटबंधारे कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. देवाबद्दल ते कधीमधी शंका घेत, छापील कागदाबद्दल कधीच नाही.

"रकाना हाय म्हंजी त्यो भरावा लागतो," ते म्हणाले. "कोरा पोरगा धाडला तर दारातनंच माघारी यील. दत्तोबा, आता सरकारसुदीक पाच वरसांची योजना करतंय. आपुन का मागं ऱ्हावं?"

सोपानची आई फुलाबाई तीस वर्षे बारामतीच्या बाजारात भाजी विकत होती. ती म्हणाली, "माझ्यासंगं बसू द्या की त्याला. चार बाजारात शिकंल."

"वहिनी, तुमी करता ते कष्ट," सर्जेराव समजुतीच्या सुरात म्हणाले. "धंद्याला बोर्ड लागतो, शिक्का लागतो."

त्याप्रमाणे पहिल्या वर्षी 'सोपान दत्तोबा आणि कंपनी' हे दुकान निघाले. बोर्ड आला, खुर्ची आली, रबरी शिक्का आला. माल मात्र ठेवला नाही. माल ठेवला की गिऱ्हाईक येते आणि गिऱ्हाईक आले की अनुभवाची नोंद करायला सवड उरत नाही, हे सर्जेरावांनी आधीच ओळखले होते. एकदा एक म्हातारी दोन लिंबे मागायला आली आणि रिकाम्या हाताने गेली. तिची भेट 'ग्राहकसंपर्क' या सदरात नोंदली गेली.

दुसरे वर्ष पुढारीपणाचे. गावातली सगळी अध्यक्षपदे तहहयात भरलेली होती, म्हणून सोपानसाठी 'रिकामी डालगी सुधार मंडळ' स्थापन करावे लागले. बाजारातून परतणारी भाजीची डालगी रिकामी असतात, याबद्दल मंडळाने एकमताने चिंता व्यक्त केली. तिसऱ्या वर्षी श्रमदान झाले. सोपानने फावडे धरले, बारामतीच्या फोटोवाल्याने फोटो काढला, आणि फावडे ज्याचे होते तो ते घेऊन कामाला गेला.

चौथ्या वर्षी तोटा घ्यायचा होता. ठेच खाल्ल्याशिवाय व्यापारी घडत नाही, असे सर्जेरावांनी कुठेतरी छापलेले वाचले होते. सोपानने चढ्या भावाने वांगी घ्यायची आणि सडू द्यायची, असे ठरले. वांगी आली. ती कोपऱ्यात पडलेली पाहून फुलाबाईचा जीव कळवळला. कुणाला न विचारता तिने ती निमगाव केतकीच्या बाजारात नेली आणि दुपारच्या आत नफ्याने विकून आली.

त्या दिवशी घरात कुणी नीट जेवले नाही.

"अख्खं वरीस बुडालं," दत्तोबा म्हणाले.

"मला काय ठावं, तुमाला तोटाच पायजे हुता ते," फुलाबाई म्हणाली. बिचारी खरोखर ओशाळली होती. शेवटी विश्रांतीसाठी राखून ठेवलेले पाचवे वर्ष तोट्याकडे वळते करण्यात आले आणि या खेपेला वांगी कुलपात सडवली गेली.

१९५७ च्या जूनमध्ये सोपान आणि सर्जेराव कॉलेजच्या प्रिन्सिपॉलसाहेबांपुढे उभे राहिले. अकराव्या रकान्यात लिहिले होते, 'सोबत ट्रंक जोडली आहे.'

साहेबांनी पाच वर्षांच्या नोंदींनी भरलेली ट्रंक उघडली, बराच वेळ वाचली आणि चष्मा काढला. "अहो, या रकान्यात सगळी मुलं रेघ मारतात. जुन्या नमुन्यावरून छापला जातो, इतकंच. आम्ही तो वाचतसुद्धा नाही."

"मग मला घेताय न्हवं?" सोपानने विचारले.

"मॅट्रिकनंतर तीन वर्षांच्या आत यावं लागतं. तुम्हाला पाच झाली. नियम अर्जाच्या मागच्या बाजूला आहे."

सर्जेरावांनी अर्ज उलटून पाहिला. नियम होता आणि तो छापील होता, त्यामुळे त्यांना वाद घालता येईना. साहेबांनी ट्रंक मात्र ठेवून घेतली. अशी तयारी त्यांनी कुठे पाहिली नव्हती.

पुढच्या बाजारी सोपान आईजवळ जाऊन उभा राहिला. "आई, जरा सर की. मला शिकीव."

फुलाबाई गवार तोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, "ह्याच्या आदी कुठं बसला हुतास का?"

सोपानचे डोळे भरून आले. तेव्हा ती हसली आणि सरकून तिने पोत्यावर जागा केली. चार बाजारांत तो शिकला.

कॉलेजचा पुढल्या वर्षीचा अर्ज सुधारून निघाला. अकराव्या रकान्यात आता असे होते, 'पाच वर्षांचा अनुभव, पुढारीपण, श्रमदान व किमान एक अपयश. रेघ मारू नये.' पहिली प्रत सर्जेरावांनी चौकट करून भिंतीवर लावली.

आपण हसत आहात, हसावे. फक्त आपल्या तिसरीतल्या चिरंजीवांना गेल्या सुट्टीत कोणत्या मंडळाचे अध्यक्ष केलेत, ते जरा आठवून पाहावे. आणि फोटो काढून झाला असेल, तर फावडे ज्याचे त्याला परत करावे.