मोघेकाकांची बिल्टी

आमच्या दवाखान्यातून एखाद्या पेशंटचे रिपोर्ट काँप्युटरवरून दुसऱ्या हॉस्पिटलला गेले, की पेशंट घरी जातो. मोघेकाका रिपोर्टांच्या मागोमाग जातात. मी बटण दाबते, ते पिशवी उचलतात, शंकर नगरातून बस पकडतात आणि नवा रायपूरच्या मोठ्या हॉस्पिटलात काउंटरवर उभे राहून विचारतात, "माल उतरला का?"

माल म्हणजे त्यांच्या बायकोचे, शांताकाकूंचे रिपोर्ट.

भनपुरीच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये काकांनी चाळीस वर्षं बिल्ट्या फाडल्या. बिल्टी म्हणजे ट्रकबरोबर जाणारा मालाचा कागद. काय भरलं, कुठून निघालं, कुठे उतरायचं, सगळं त्यावर. त्यामुळे रेकॉर्डच्या माझ्या टेबलाशी आमचं पहिलं भांडण पावतीवरूनच झालं. मी समजावलं, परवानगीचा ओटीपी तुमच्या मोबाइलवर येतो, तो दिलात की रिपोर्ट तिकडच्या डॉक्टरांना दिसतात.

"दिसतात म्हणजे? गेले का इथंच हायेत?"

मी म्हटलं, दोन्हीकडे.

"एकच माल दोन गोदामांत? पोट्टे, असा चमत्कार आमच्या एका ड्रायव्हरनं केला होता. त्याले आम्ही पोलिसात दिलं."

पन्नाशीतल्या मला पोट्टी म्हणणारे ते एकटेच, म्हणून मी ऐकून घेते.

ओटीपी ते वहीत उतरवून घेतात, बिल्टी नंबर म्हणून. परत आले की मला हिशेबवार सांगतात. रक्ताचे चारही रिपोर्ट सुखरूप. एक्स-रे उघडायला वेळ लागला, वजनदार माल, चढावर गाडी दमली असेल. तिकडच्या पोरी आधी हसायच्या. आता काका दिसले की त्याच म्हणतात, "उतर गया काका, दस्तखत कर दूँ?" आणि खरंच वहीत सही करून देतात.

मागच्या महिन्यात काकूंना पेसमेकर बसवायचं ठरलं. काकूंना दोन वर्षांपासून विसरायला होतं. अनोळखी माणूस जवळ आला की त्या उठून चालू लागतात, आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पेसमेकरला पूर्ण भूल नसते. तासभर टेबलावर न हलता पडायचं, आणि नातेवाइकांना आत सोडत नाहीत. काकू उठल्या तर काम अर्धवट राहणार.

रिपोर्ट पाठवायच्या दिवशी काका माझ्यासमोर बसले ते उठेचनात. म्हणाले, बिल्टीत शेऱ्याचा रकाना असतो. काचसामान असलं की तिथं लिहितात. तुह्या काँप्युटरात आहे का तो?

होता. आमच्या डॉक्टरांना विचारून मी तो उघडला. काकांनी सांगायला सुरुवात केली. डावा कान बहिरा आहे, उजवीकडून बोला. बांगड्या काढल्या तर तिच्याच हातात द्या.

"अन् घाबरली तर म्हणा, शेवटची गाडी सुटली, ते निघून राहिले."

"हे काहून?"

भनपुरीहून शेवटचा ट्रक रवाना झाला, की ते घरी फोन करायचे आणि एवढंच बोलायचे. चाळीस वर्षं, रोज संध्याकाळी. तिकडे काकू कुकर लावायच्या.

"आता मले कधी ओळखते, कधी नाही," काका म्हणाले. "पण हे ओळखते."

तिकडच्या सिस्टर हिंदीभाषक. काकूंना हिंदीत सांगितलं तर चालेल का, ते मी विचारून घेतलं. "हव," म्हणाले. मी हिंदीत टाइप केलं, पाठवलं, आणि पहिल्यांदाच न मागता त्यांना कागदावर पावती लिहून दिली.

ऑपरेशनच्या दुपारी मी, एरवी कधी करत नाही, पण तिकडे फोन केला. सिस्टरनं सांगितलं, अम्मा अर्ध्यातच उठून बसायला लागली. मग तिनं स्क्रीन वाचला, उजव्या बाजूला गेली आणि म्हणाली, "अम्मा, आखिरी गाड़ी छूट गई, काका निकल रहे हैं."

अम्मानं विचारलं, "मग कुकर लावू?" सिस्टरला मराठी येत नाही, पण तिनं हो म्हटलं. अम्मा आडवी झाली ती काम संपेपर्यंत हलली नाही.

काका बाहेरच्या बाकावर होते. सिस्टर दारात आली तेव्हा त्यांनी नेहमीचंच विचारलं, माल उतरला का?

"उतर गया काका," ती म्हणाली, "पर ये 'कुकर लावू' क्या होता है मराठी में?"

काकांनी वही उघडली होती. सिस्टर म्हणते, त्यांनी बिल्टी नंबरासमोर लिहिलं, 'कुकर लाव', आणि मग वही तिच्यापुढे सहीला धरली.