उंबरठ्याखालचा माणूस

"अर्ध्या तासाचं काम!" हेडली थॉर्बरने जाहीर केलं. "एक पहार आणि मी. बस्स!"

यॉर्कशरमधल्या त्या चिमुकल्या गावातल्या चर्चच्या बाजूच्या दाराशी उंबरठ्याची शिळा डुगडुगत होती. गेल्या रविवारी तिच्यावर अडखळून पाद्रीबाई रोझलिंड थेट ऑर्गनपर्यंत धावत गेल्या होत्या! हेडली चर्चचा कारभारी. चाळीस वर्षं त्याने गावाची गटारं बांधली होती. एक शिळा म्हणजे त्याला किस झाड की पत्ती! त्याची बायको मेव्हिस आत फुलं मांडत होती.

"कंबर धरली तर मला हाका मारायच्या नाहीत," तिने आतूनच बजावलं.

पहार घुसली. शिळा उचलली गेली, चक्क उभी राहिली! "बघितलंस?" म्हणायला हेडली ऐटीत वळला, आणि तेवढ्यात शिळा बाहेरच्या गवतावर धाडकन उताणी पडली. पाय वाचला, पण विजारीचा काठ तिच्याखाली अडकला आणि हेडली चिखलात फतकल मारून बसला. समोर बघतो तर दोन वाटोळे डोळे!

"मेव्हिस! इथे खाली माणूस आहे! माझ्याकडे बघतोय!"

मेव्हिसने दारातून एकदाच डोकावलं आणि ती पाद्रीबाईंच्या घराकडे धावत सुटली. "हेडलीने माणूस चिरडला हो!"

रोझलिंडबाई प्रथमोपचाराची पेटी घेऊन धापा टाकत आल्या. "श्वास चालू आहे का?"

"नाही," हेडली हळूच म्हणाला. "दगडाचा आहे."

शिळेच्या खालच्या, आता वर आलेल्या अंगावर नक्षी कोरलेली होती. दोन्ही हात उंचावलेला एक माणूस, त्याच्याभोवती द्राक्षवेल, वेलीत दाणे टिपणारे पक्षी, खाली स्वतःचीच शेपटी चावणारं एक जनावर. छिन्नीचे घाव काल घातल्यासारखे ताजे!

"अरे देवा," मेव्हिस पुटपुटली. "लग्नाच्या दिवशी मी ह्याच्याच पाठीवरून आत आले."

"मी आयुष्यभर ह्याच्यावर बूट पुसले," हेडली म्हणाला. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

रोझलिंडबाईंनी फोन केला आणि तासाभरात इतिहासतज्ज्ञ डॉक्टर ईडिथ फेन्विक पोचल्या. गुडघे टेकून त्यांनी नक्षीचा कोपरा न् कोपरा न्याहाळला. "बाराशे वर्षं जुनी," शेवटी त्या म्हणाल्या. "शिळेला कुणी हात लावायचा नाही! केसभरही हलवायची नाही!"

"आणि माझी विजार?"

मेव्हिसने फुलांची कात्री काढली. कचकच! हेडली एका गुडघ्यापर्यंत उघडा होऊन मोकळा झाला. पण घरी जायला तयार कोण? तो तिथेच उकिडवा बसून राहिला.

उन्हं कलली तशी नक्षी आणखी उठून दिसू लागली. ईडिथबाई एकदम ओरडल्या, "डाव्या हाताला सहा बोटं! यात काहीतरी गूढ अर्थ असणार!" आणि भराभरा वहीत लिहू लागल्या.

हेडलीने निरखून पाहिलं. पाच बोटं ठणठणीत, आणि सहावं कडेला, काडीसारखं बारीक, कसंबसं कोंबलेलं. त्याला क्षणात कळलं. कोरणारा गडी मोजायला चुकला होता! संपत आलेलं काम, वरून मुकादम येतोय, आणि दगड काही पुन्हा भरता येत नाही!

बायका चहाला गेल्यावर तो शिळेपाशी वाकला.

"घाबरू नकोस, गड्या," तो कुजबुजला. "मी कुण्णाला सांगणार नाही."