वच्छलाबाईंच्या समुद्राचा ठराव

वच्छलाबाईंना समुद्र पाहायचा होता. साठी उलटली, तरी मोर्शीच्या धरणापेक्षा मोठं पाणी त्यांनी पाहिलं नव्हतं. ही इच्छा त्यांनी अमरावतीच्या राहत्या घरी, मेथी निवडताना, मुलगा नितेश याच्यासमोर तोंडी व्यक्त केली. इथंच बाई चुकली. गुपचूप गाडीत बसून जाऊन यायचं होतं. इच्छा एकदा कुटुंबासमोर मांडली की ती कुटुंबाची होते, आणि मग मूळ माणसाचा तिच्याशी संबंध उरत नाही.

नितेशनं त्याच संध्याकाळी मोबाइलवर 'आईचं स्वप्न' नावाचा ग्रुप काढला. त्यात आई नव्हती, कारण तिचा फोन बटणांचा होता.

ग्रुपपुढे विषय ठेवला गेला : रिसॉर्ट की क्रूझ. सूनबाई प्राजक्ता रिसॉर्टच्या बाजूची. कोकणातलं रिसॉर्ट, राहणं-खाणं-पिणं सगळं एकाच पॅकेजात. "खोलीतूनच समुद्र दिसते, आई. वाळूत पाय भरवाचं कामच नाई," ती म्हणाली. अकोल्याची लेक गीतांजली आणि जावई शेखरराव क्रूझच्या बाजूचे. शेखररावांच्या ऑफिसातला एक जण क्रूझ करून आला होता आणि तेव्हापासून डब्यातली भजीसुद्धा काट्यानं खात होता. ते दृश्य शेखररावांना रोज दुपारी सोसावं लागत होतं.

समुद्रावर चर्चा अशी झालीच नाही. झाली ती जेवणावर. सगळं पॅकेजात म्हणजे ताट किती वेळा भरता येतं, मधल्या वेळी पोटात जागा झाली तर काय, आणि ठेचा-लोणचं सोबत नेता येतं का. बाहेरचं खाणं चालणार नाही, असं दोन्हीकडून कळवण्यात आलं. तेव्हा वच्छलाबाईंचे यजमान किसनराव प्रथमच बोलले, "जिथं आपली शिदोरी चालत नाई, तिथं मानसानं जावंच काहून?" त्यांच्या मताची आदरपूर्वक नोंद घेऊन ते बाजूला ठेवण्यात आलं.

निर्णय लांबत लांबत अधिकमासात पोचला. अधिकमास म्हणजे धोंड्याचा महिना. या महिन्यात जावयाला घरी बोलवायचं, जेवू घालायचं, अनारशांचं वाण द्यायचं. तीन वर्षांतून एकदा जावयाचा देव होतो. आमचे शेखरराव मधल्या काळातही फारसे खाली उतरत नसत, ती गोष्ट वेगळी.

"धोंड्याच्या मईन्यात जावयाले तिकिटाचे पैसे भराले लावता का, दादा?" गीतांजलीनं विचारलं. मुद्दा बिनतोड होता. सहल हेच वाण ठरलं. वाण जावयाचं, म्हणून पसंती जावयाची, म्हणून क्रूझ. मग जावयाचा मान करायचा आणि त्याच्या आईबापांना अकोल्याच्या उन्हात ठेवायचं, हे बरं दिसेना. व्याही आणि विहीणबाई वाढले. व्याह्यांशी बोलायला बरोबरीचा माणूस हवा, म्हणून किसनराव अनिवार्य झाले. नितेशची मुलगी आचल हिला एकटी ठेवता येत नव्हती. जहाजावर चार-चार जणांच्या दोनच खोल्या शिल्लक होत्या. वच्छलाबाई नवव्या निघाल्या.

"आई, तू येतं ना?" नितेशनं रीतसर विचारलं.

"जा तुमीच. मले काय करा लागते," वच्छलाबाईंनीही रीतसर सांगितलं.

वऱ्हाडात पहिल्या विचारण्याला कोणी हो म्हणत नाही. चहासुद्धा दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घेतला जातो. वच्छलाबाई तिसऱ्या विचारण्याची वाट पाहत बसल्या. आणि ज्या घरात जावयानं ताटावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून अनारसा सरकवतात, ते घर त्या दिवशी एकाएकी सुधारलं.

"आईंनी नाई म्हटलं ना? मंग आपण त्यायच्या मताचा आदर केला पायजे," प्राजक्ता म्हणाली. ठराव एकमतानं मंजूर झाला.

वच्छलाबाईंना रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. 'अजून एकदा विचार ना रे बावा,' हे ओठांपर्यंत आलं होतं. पण मागून घेतलेला आग्रह हा आग्रह नसतो, एवढा स्वाभिमान त्यांच्यापाशी होता. त्यांनी आठही जणांच्या बॅगा भरून दिल्या.

चौथ्या दिवशी शेजारच्या हलीमाबी मोबाइल घेऊन आल्या. "पाय बाई, तुह्या पोरानं तुहा फोटो टाकला," त्या म्हणाल्या. जहाजावर सगळे ओळीनं उभे, समुद्राकडे पाठ करून. वर कोपऱ्यात गोल चौकटीत वच्छलाबाई. खाली लिहिलं होतं : आईचं स्वप्न अखेर पूर्ण.

"समुद्र कुठं हाये याच्यात?" वच्छलाबाईंनी विचारलं.

हलीमाबींनी दोन बोटांनी चित्र मोठं केलं. जावयाचं कोपर आणि हातातलं ताट यांच्या मध्ये निळा तुकडा सापडला. वच्छलाबाईंनी तो बराच वेळ पाहिला. मग त्यांनी खालचा मजकूर वाचायला सांगितला. गोल चौकट पाहून निम्म्या लोकांनी श्रद्धांजली वाहिली होती. उरलेल्यांनी अशी मुलं नशिबानं मिळतात, असं लिहिलं होतं. नितेशनं सगळ्यांचेच आभार मानले होते.

"मेली म्हनतेत मले?" वच्छलाबाई म्हणाल्या. "वाच बरं, कोन कोन हायेत ते."

हलीमाबी एकेक नाव वाचत गेल्या. तुम्हीही त्यात होतात. घाईत होतात, फोटो पुरता उघडलाही नव्हता, नुसते दोन हात जोडून पुढं गेलात. तुमचं नाव आल्यावर वच्छलाबाईंनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.