इनासकाकांची रायफल-खरेदी

इनासकाकांना काहीही विकत घ्यायचं असलं की आधी ते 'नको' म्हणणारा माणूस नेमतात. स्वतः 'हो'ची बाजू लढवायची, समोरच्याने जीव तोडून विरोध करायचा. तो हरला की वस्तू घरात. जुना फ्रिज, जुनी गाडी, जुनं वॉशिंग मशीन, सगळं असंच आलं. इथे आखातात, फुजैरात, ही बिनपगारी नोकरी माझ्याकडे आहे, कारण माझ्याइतक्या लवकर हरणारा दुसरा कोणी त्यांना मिळाला नाही.

काका मूळचे वसईचे, बंदरावर तेलाच्या टर्मिनलमध्ये स्टोअरकीपर. माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. काकू वारल्या, मुलगा कॅनडात. "हबीबी, घाईत घेतलेली वस्तू घरात भांडते," हे त्यांचं पेटंट वाक्य.

एका शनिवारी म्हणाले, "चल, उम्म अल कुवैनला. माझी गाडी गॅरेजात आहे. आणि आज केस मोठी आहे."

हायवेला लागल्यावर मी विचारलं, "काय घेताय?"

"रायफल."

मी ब्रेक दाबला. मागच्या टँकरने हॉर्नवरून हात काढला नाही.

"लष्कराने निकालात काढलेली आहे रे. पण लाकूड असं, की सागवान झक मारील! एका अरबी म्हाताऱ्याची आहे. त्याच्याकडे लायसन्स आहे."

"आणि तुमच्याकडे?"

"तोच मुद्दा तू मांडायचाय. यल्ला, सुरू कर."

मी मांडला. परदेशी माणूस, बंदूक, जेल, व्हिसा रद्द, बायकापोरांसकट मुंबईचं विमान. "काका, अहो गाडी माझ्या नावावर आहे!"

"हा स्वार्थी मुद्दा झाला. कायद्याचं बोल."

पुढे पोलिसांचं चेकिंग लागलं. डिकीत एक पाण्याची बाटली सोडून काही नव्हतं, तरी मी त्या पोलिसाकडे बघून असा काही हसलो की त्याने काच खाली करायला लावून माझी तब्येत विचारली. काका मात्र शांत. येताना काय होईल या विचाराने माझा शर्ट पाठीला चिकटला.

सालेमबाबा अंगणात खुर्ची टाकून वाटच बघत होते. लष्करातून निवृत्त झालेले, गुडघे गेलेले, हिंदी आपल्यापेक्षा बरं. त्यांनी घोंगडीतून रायफल काढली. काकांनी तिच्यावरून हात फिरवला, बाबांना दहा प्रश्न विचारले, बाबांनी दहांची वीस उत्तरं दिली. मग रायफल माझ्या हातात आली. विरोधी पक्षाने ती लगेच परत करायला हवी होती. मी काय केलं? खांद्याला लावली, एक डोळा मिटला आणि फाटकाकडे नेम धरला.

फाटक उघडून पोलीस आत आला. पूर्ण गणवेशात.

मला कोणीही काही म्हटलं नव्हतं, तरी मी दोन्ही हात वर केले. रायफलचा दस्ता माझ्याच पायाच्या अंगठ्यावर आदळला. ओरडायचीही हिंमत झाली नाही. डोळ्यांसमोर बायकोचा चेहरा आला, तो काळजीचा नव्हता.

पोलीस वाकला, रायफल उचलली, उघडून रिकामी असल्याची खात्री केली आणि काकांकडे वळला.

"अंकल, आज फैसला हुआ?"

तो बाबांचा मुलगा होता. मला बसवून त्याने सांगितलं, "थंडी सुरू हुई तब से हर शनिवार आते हैं. बाहर के आदमी को बेच नहीं सकते, पहले दिन ही बोला था. दोनों को मालूम है."

मी काकांकडे बघितलं. काका जमिनीकडे बघत होते.

"लेकिन अब बस, बाबा," मुलगा म्हणाला. "कल मैं ये जमा कर दूँगा. खलास."

बाबांनी घोंगडीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. बाबांनी मघाशी दिलेला काकांचा चहा तसाच निवत होता. तुरुंगाच्या गप्पांनीही न उतरलेला त्यांचा चेहरा आता उतरला होता.

मग त्यांची नजर अंगणभर फिरली. भिंतीला टेकून एक गंजलेलं, पंखा तुटलेलं होडीचं इंजिन पडलं होतं.

"बाबा," काकांनी घसा खाकरला, "वो इंजिन... बेचना है क्या?"

बाबांनी इंजिनाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"सोचना पड़ेगा," ते म्हणाले. "शनिवार को आओ."